बापाचा दोष, पोराचं बंड आणि बहिणीची सही

मराठीत बापाबद्दल बोलायच्या दोनच पद्धती उरल्यात. पहिली जूनच्या तिसऱ्या रविवारी स्टेटसला दिसते. फाटकं बनियन, झिजलेली चप्पल, पोरासाठी मन मारणारा आणि कधीच न रडणारा बाप. दुसरी वर्षभर रील्सवर चालते. त्यात बाप टॉक्सिक असतो, आणि त्याच्या तावडीतून सुटून पुण्यात आलेला संवेदनशील पोरगा टेकडीवर बसून सूर्यास्ताकडे बघत असतो. ह्या पोराच्या मांडीवर बहुतेक वेळा 'कोसला' असते.

स्टेटसवाल्यांशी मी भांडत नाही, त्यांना त्या दिवशी केकही कापायचा असतो. माझं भांडण टेकडीवरच्या पोराशी आहे, कारण तो वाचतो. फक्त अर्धं वाचतो. त्याला वडील दिसतात, पांडुरंग दिसतो आणि पांडुरंगात स्वतः दिसतो. बाकीचं घर त्याला दिसत नाही.

'कोसला' १९६३ साली पुण्यातल्याच देशमुख आणि कंपनीने काढली. लेखक पंचविशीतला, नायकही पंचविशीतला. नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, शिकायला पुण्यात फर्ग्युसनला आलेले. पांडुरंग सांगवीकरही सांगवीहून पुण्याला येतो, हॉस्टेलवर राहतो, मित्रांवर पैसे उधळतो, कसल्या कसल्या सेक्रेटरीपदांच्या भानगडीत पडतो, उधारी करतो, परीक्षांचं वाटोळं करतो आणि शेवटी गावी परत जातो. गोष्ट एवढीच. पण ती ज्या भाषेत सांगितली त्या भाषेने तेव्हाच्या मराठी कादंबरीची इस्त्री मोडली, हे साठ वर्षांनंतरही मान्य करावं लागतं. मी ती चार वेळा वाचलीय आणि पाचव्यांदाही वाचेन.

ह्या सगळ्या उद्योगाला पैसा कोण पुरवतो? वडील. गावातलं वजनदार माणूस, शेतीवाडी सांभाळणारं, व्यवहाराला पक्कं. पोराशी त्यांचं नातं मुख्यतः पैशांच्या वाटेने चालतं. किती पाठवले, कुठे गेले, अजून किती लागणार. पांडुरंगाला ह्या माणसाबद्दल प्रेम वाटत नाही आणि तो ते लपवत नाही. तेव्हाच्या मराठी वाचकाला हा धक्काच होता. वडील म्हणजे आदर, असं मानणाऱ्या घराघरांत एक मुलगा येऊन सांगतो की मला हा माणूस आवडत नाही. इथे टेकडीवरचा पोरगा टाळी देतो. त्याला वाटतं, झालं, हिशेब मिटला. बाप वाईट, पोरगा खरा.

मला ही टाळी ऐकवत नाही. पण ती का ऐकवत नाही हे सांगण्यासाठी आधी डब्लिनला जाऊन यावं लागेल. पांडुरंगाची तुलना नेहमी सॅलिंजरच्या होल्डन कॉलफिल्डशी होते आणि परीक्षेत त्यावर पंधरा मार्कांचा प्रश्नही येत असेल. पण होल्डनच्या गोष्टीत बाप जवळपास येतच नाही. पांडुरंगाचा खरा मावसभाऊ जॉइसचा स्टीफन डेडलस. जॉइस मराठीला काही परका नाही. मर्ढेकरांनी १९४२ मध्येच 'रात्रीचा दिवस' लिहून संज्ञाप्रवाहाचा तो प्रयोग मराठीत करून पाहिला होता. आपण जॉइसकडून वाक्यं कशी तोडायची ते शिकलो. त्याच्या कादंबऱ्यांमधल्या बापाकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही.

स्टीफनचा बाप सायमन डेडलस. १९१६ च्या 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन'मध्ये तो आहे आणि १९२२ च्या 'युलिसिस'मध्येही. पांडुरंगाच्या वडिलांच्या तो अगदी उलटा. हिशेब त्याच्या रक्तातच नाही. गळा गोड, जीभ तिखट, मित्र उदंड आणि घरात पैसा नाही. घर बदलायचं, त्यापेक्षा लहान घरात जायचं, मग आणखी लहान. 'पोर्ट्रेट'मध्ये तो स्टीफनला घेऊन रात्रीच्या गाडीने कॉर्कला जातो. तिथली उरलीसुरली मालमत्ता लिलावात निघणार असते. आणि हा गृहस्थ पोराला आपलं जुनं कॉलेज दाखवतो, दारूच्या दुकानांतून जुन्या मित्रांना भेटतो, मी तुझ्याशी बाप म्हणून नाही, मित्र म्हणून बोलतोय असं सांगतो. आजच्या भाषेत सांगायचं तर कूल बाप. पोराला मात्र ह्या कूलपणाची शरम वाटत राहते.

हा सायमन जॉइसने हवेतून आणला नाही. त्याचा बाप जॉन स्टॅनिस्लॉस जॉइस, जन्म कॉर्कचा, १८४९ चा. डब्लिनच्या करवसुली खात्यात चांगली नोकरी होती. वयाच्या चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे ती गेली आणि तुटपुंजी पेन्शन उरली. कॉर्कची मालमत्ता १८९४ मध्ये विकली. जगलेली मुलं दहा, त्यांतल्या सहा मुली. जेम्सचा भाऊ स्टॅनिस्लॉस बापाला आयुष्यभर माफ करू शकला नाही. जेम्सने मात्र त्याला पुस्तकात बसवलं, आणि १९३१ च्या डिसेंबरात बाप गेल्यावर पत्रात लिहिलं की आपल्या पुस्तकांतली शेकडो पानं आणि कितीतरी पात्रं त्याच्याकडूनच आली. अंत्ययात्रेला मात्र तो डब्लिनला गेला नाही.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आवडते. दोषी पण मोहक बाप, प्रतिभावान मुलगा, दोघांचं अवघड प्रेम. त्यावर जगभर पुस्तकं आहेत. माझं बोट दुसऱ्या पानावर आहे.

'युलिसिस'च्या दहाव्या प्रकरणात डिली डेडलस, म्हणजे स्टीफनची लहान बहीण, एका लिलावघराबाहेर उभी आहे. ती बापाची वाट बघतेय, कारण घरात खायला काही नाही. बाप येतो, आधी तिच्या उभं राहण्याची टिंगल करतो, मग बऱ्याच घासाघिशीनंतर एक शिलिंग काढतो. ती म्हणते, अजून आहेत तुमच्याकडे. मग वर दोन पेनी देतो आणि सांगतो, दूध पी, पाव खा. तिकडे घरी तिच्या बहिणी स्टीफनची पुस्तकं गहाण टाकायला जाऊन रिकाम्या हाताने परत आल्यात. चुलीवर मटाराचं सूप आहे, तेही एका ननने दिलेलं. बूडी नावाची बहीण जेवताना बापावर असा टोमणा मारते की त्यासाठी प्रभूची प्रार्थनाच उलटी करते. अख्ख्या पुस्तकात बापाबद्दल ह्याच्याहून धारदार वाक्य मला सापडलं नाही, आणि ते स्टीफनच्या तोंडी नाही.

आणि स्टीफन? थोड्याच वेळाने तो डिलीला एका पुस्तकांच्या गाडीपाशी भेटतो. तिने एका पेनीला फ्रेंच शिकायचं जुनं पुस्तक घेतलंय. भावासारखं तिलाही पॅरिसची स्वप्नं पडतात, एवढं एका वाक्यातही न सांगता कळतं. स्टीफनला दिसतं की ही बुडतेय, आणि हिला वाचवायला गेलो तर मीही बुडेन. तो मनात कळवळतो. सकाळीच त्याच्या खिशात शाळेचा पगार आलाय, तीन पौंड बारा शिलिंग. त्यातलं एक नाणंही तो तिला देत नाही. संध्याकाळी ते पैसे दारूत जातात.

म्हणजे बापाने निदान शिलिंग दिला.

हे जॉइसला ठाऊक होतं, म्हणून तर त्याने ते दोन प्रसंग एकाच प्रकरणात ठेवले. बापाचा सगळ्यात निर्दय परीक्षक असलेला पोरगा त्या दुपारी बापाहून कंजूष निघतो. पण स्टीफनचे भक्त हे पान पटकन उलटतात. 'पोर्ट्रेट'च्या शेवटी तो देश, धर्म, घर सोडून उडून जातो ते पान मात्र अधोरेखित करून ठेवतात. (प्रत्यक्षातल्या जॉइसने १९०९ आणि १९१० मध्ये दोन बहिणींना त्रिएस्तला नेलं होतं, हे न्यायासाठी नोंदवते. आई गेल्यावर घर ओढणारी थोरली बहीण नन होऊन न्यूझीलंडला गेली, हेही.)

आता परत सांगवीला येऊ. पांडुरंगाला बहिणी आहेत. मनी त्यातली लहानगी, आणि ती देवीच्या रोगाने जाते. 'कोसला'तली मनीच्या मृत्यूची पानं वाचून ज्याला काही झालं नाही त्याच्याशी मला मैत्री नको. पांडुरंगाचं सगळं उदाहरणार्थपण, सगळा छद्मीपणा तिथे गळून पडतो. पुढे अजिंठ्यातही ते दुःख त्याच्या सोबत येतं. मराठी कादंबरीत भावाने बहिणीसाठी केलेलं एवढं उघडं दुःख मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

तरी वाचताना एक प्रश्न डोक्यातून जात नाही. मनी जगली असती तर पुण्याला आली असती का?

पांडुरंग तिच्यासाठी रडतो तेव्हा तिच्या कधीच न झालेल्या लेकराबाळांपर्यंत जाऊन पोचतो, तिच्याबरोबर केवढा वेल खुंटला म्हणून. हे मोठं आहे, मान्य. पण हॉस्टेलवर खोली, मेसचं बिल, एम.ए.चा फॉर्म इथपर्यंत कुणाचं मन तिच्यासाठी जात नाही. ज्या घरातून पोराच्या उधाऱ्या फेडल्या जातात त्या घरात पोरींच्या वाट्याला काय येतं, हे कादंबरी मधूनमधून दाखवते, पण आपण वाचक तिथे थांबत नाही. देशात देवी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली ती १९६२ साली, कादंबरीच्या आदल्या वर्षी. लस त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

सांगायचंय ते एवढंच आहे. पांडुरंगाचा बाप पै-पैचा हिशेब ठेवणारा, सायमन कसलाच हिशेब न ठेवणारा. एक कडक, एक कूल. एकावर पोराचा राग, दुसऱ्याची पोराला लाज. पण दोन्ही घरांत बापाच्या दोषाचं बिल पोराच्या नावावर फाटत नाही. पोराला मिळते ती गोष्ट, बंडखोर व्हायची संधी, कादंबरीचा नायक होण्याचा मान. बिल बहिणीकडे जातं. आणि आपण बापाला दोष देतो तेव्हा फक्त पोराच्या जखमा मोजतो.

मुलींनी लिहिलेले बाप वाचा म्हणजे फरक कळेल. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या वडिलांचं सोवळं रंगवलंय. नाना सोवळ्याने पछाडलेले, आणि त्यांच्या त्या पछाडण्यापायी घरातल्या बायका धुऊन धुऊन बेजार. लक्ष्मीबाई बापाचा आत्मा तपासत बसत नाहीत. काय काय धुवावं लागायचं ते सांगतात, आणि हसतात. हसता हसता तुम्हाला कळतं की एका पुरुषाच्या मनाचा आजार म्हणजे चार बायकांचं रोजचं काम. बापाचा दोष मोजायची ही पद्धत मला पांडुरंगाच्या पद्धतीपेक्षा जास्त खरी वाटते. तिच्यात रागही कमी लागतो.

उगाच दीडशहाणपणा करतेय असं वाटत असेल तर मी कुठून बोलतेय ते सांगते. मी जळगाव जिल्ह्यातली. नेमाड्यांच्या गावापासून एसटीने तासाभरावर आमचं गाव. आमच्याकडे केळी आणि कपाशी. दादा बारावीनंतर पुण्याला आला. आधी डिग्री, मग एमपीएससी. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, शास्त्री रोडला क्लास, नवी पेठेत अभ्यासिका, दोन वेळची मेस. सहा वर्षं. अण्णा दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे पाठवायचे, कधी केळीचा भाव पडला तर दहा तारखेला, आणि मग पाच दिवस घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मी त्या काळात जळगावला ये-जा करून बी.ए. केलं. मला हॉस्टेल नको होतं असं घरात सगळे सांगतात. मला कुणी विचारलं होतं ते आठवत नाही.

दादाची पोस्ट निघाली नाही, लाखोंची निघत नाही, त्यात त्याचा काही गुन्हा नाही. पण त्या सहा वर्षांत तो सुट्टीला आला की अण्णांबद्दल जे बोलायचा ते मला अजून पाठ आहे. अण्णांना फक्त पैसा कळतो. अण्णांनी कधी विचारलं नाही मला काय व्हायचंय. 'कोसला' त्यानेच मला दिली, अप्पा बळवंत चौकातून आणलेली, पेन्सिलने खुणा केलेली. सगळ्या खुणा वडिलांच्या पानांवर. मनीच्या पानांवर एकही नाही. त्यावरून मी त्याला कधी काही बोलले नाही. पुस्तक मात्र परत दिलं नाही.

अण्णांचे दोष मला दादापेक्षा जास्त माहीत आहेत, कारण मी घरी होते. ते पोराच्या फीसाठी कर्ज काढताना कचरत नसत आणि आईच्या दाढदुखीला लवंग सुचवत. ते प्रेमळ होते आणि अन्यायी होते, दोन्ही एकाच दिवशी, कधी एकाच ताटावर बसून. बापाला देव करणारे स्टेटसवाले आणि राक्षस करणारे रीलवाले, दोघांनाही हा माणूस दिसत नाही.

आता तर बिल कागदावरच आलंय. अण्णांना हयातीतच जमिनीचं मार्गी लावायचंय. मार्गी म्हणजे दादाच्या नावावर. त्यासाठी मी आणि ताईने हक्कसोडपत्रावर सह्या करायच्या, दुय्यम निबंधकाकडे जाऊन. मग तलाठ्याकडे फेरफार, मग सातबाऱ्यावरून आमची नावं लागण्याआधीच गेलेली. बदल्यात साडीचोळी आणि माहेर तुटणार नाही याची अलिखित हमी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये अटी घालून दिला, केंद्राने २००५ मध्ये सगळ्यांना दिला. ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ ला बाप जिवंत होता की नाही याचा संबंध नाही. आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर हक्कसोडपत्रं वाढली.

जॉन जॉइसने मृत्युपत्रात जे काही थोडंफार उरलं होतं ते सगळं जेम्सच्या नावे केलं. जो मुलगा कित्येक वर्षांत भेटायलाही आला नव्हता त्याच्या नावे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आयर्लंड एवढं जवळ वाटलं की हसू आलं.

एक मित्र म्हणतो, तू कादंबरीकडून कोर्टाचं काम मागतेस. पांडुरंग हा पांडुरंग आहे, तो त्याच्या डोळ्यांनीच बघणार, त्याने बहिणींची कैफियत का मांडावी? बरोबर आहे. नेमाड्यांनी तरी पांडुरंगाला कुठे संत केलाय? कादंबरी त्याचा पोकळपणा पानोपानी दाखवते, तो परततो तेही त्याच बापाच्या घरात, त्याच बापाच्या अन्नावर. जॉइसनेही डिलीला लिलावघराबाहेर उभं केलंच. पुस्तकं शहाणी आहेत. माझी तक्रार त्यांना डोक्यावर घेणाऱ्यांबद्दल आहे. साठ वर्षं पांडुरंगासारखं बोलणारी, चालणारी, दाढी वाढवणारी पोरं ह्या शहरात येतायत. त्यांतल्या किती जणांनी घरी फोन करून बहिणीला विचारलं, की माझी मेस चालू राहावी म्हणून तुझं काय बंद झालं? बापाशी पटत नाही हे तुमचं दुःख खरं असेल. पण त्या दुःखाचा खर्च कोण करतंय हे न विचारता ते मिरवणं म्हणजे डिलीसमोर उभं राहून खिशातली नाणी वाजवणं.

आणि 'बापाला समजून घ्या' असंही मी म्हणत नाहीये. तो सल्ला मुलींना फार आधीपासून फुकट मिळतो. समजून घेतलं की सही करायची असते.

दादा गेल्या महिन्यात पुण्याला आला तेव्हा कागद घेऊनच आला होता. आता तो जळगावात दुकान टाकायचं म्हणतोय, त्यासाठी जमीन तारण ठेवावी लागेल. मी त्याला म्हटलं, सही मागायला पुन्हा येशील तेव्हा सहा वर्षांचा हिशेब लिहून आण. खोली, क्लास, मेस, सगळं. त्याशेजारी माझे आणि ताईचे रकाने आखू, मग बघू. त्याला राग आला. म्हणाला, तू तर अगदी अण्णांसारखं बोलायला लागलीस.

असेन. अण्णांचं काहीतरी माझ्याही वाट्याला यायला हवं.